सात इंची सिंगल्स: खाच, सुई आणि निवड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एलपी, म्हणजे एका बाजूवर अनेक गाणी मावणारी मोठी तबकडी, ऐकण्याची आपल्याला चांगली सवय आहे. आता सात इंची सिंगल्सचा, म्हणजे बाजूला बहुधा एकच गाणे असलेल्या छोट्या तबकड्यांचा, एक गठ्ठा हाती आला असून त्यांतील काही एलपीपेक्षाही ठसठशीत वाजतात, तर दिसायला चकचकीत असलेल्या काही फाटक्या, खरखरीत आवाजात वाजतात. हा दोष सुईचा आहे की तबकडीचा, आणि पुढे संग्रह करायचा झाल्यास काय पाहून घ्यावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझ्या मते सिंगलला एलपीची छोटी बहीण मानल्यामुळेच बहुतेक निर्णय चुकतात. सिंगल ही मोठ्याने, वारंवार आणि पुष्कळदा ओबडधोबड यंत्रावर वाजवली जावी म्हणून घडवलेली वस्तू आहे. तिचे गुण आणि तिची दुखणी दोन्ही तिथूनच येतात.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने जून 1948 मध्ये मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची एलपी आणली आणि आरसीए व्हिक्टरने 31 मार्च 1949 रोजी 45 फेऱ्यांची सात इंची तबकडी बाजारात उतरवली. तिच्या मध्यभागी सुमारे 38 मिलिमीटरचे मोठे भोक ठेवण्याचे कारण म्हणजे आरसीएचा स्वयंचलित चेंजर. एकावर एक रचलेल्या तबकड्यांतून एकेक खाली सोडणारी यंत्रणा त्याच्या जाड दांड्यातच बसवलेली होती. रचलेल्या तबकड्यांच्या खाचा एकमेकींवर घासू नयेत म्हणून लेबलाचा भाग खाचांच्या भागापेक्षा जाड ठेवला गेला. प्रारंभी संगीतप्रकारानुसार व्हिनाइलचा, म्हणजे तबकडीच्या प्लास्टिकचा, रंगही वेगळा असे: अभिजात संगीतासाठी लाल, कंट्रीसाठी हिरवा, मुलांच्या गाण्यांसाठी पिवळा. ही हौस फार काळ टिकली नाही. 1950 मध्ये सीबर्ग कंपनीचे 45 फेऱ्यांच्या तबकड्या वाजवणारे ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणे टाकून गाणे निवडण्याचे, यंत्र आले आणि या आकाराचे भवितव्य ठरून गेले.

‘45 फेरे म्हणजे 33⅓ पेक्षा चांगला आवाज’ हे विधान सर्रास ऐकू येते, पण ते अर्धेच खरे आहे. आवाजाचा तपशील फेऱ्यांवर नव्हे, तर सुईखालून खाच किती वेगाने सरकते यावर अवलंबून असतो, आणि हा वेग त्रिज्येवरही ठरतो. सात इंची तबकडीवरील ध्वनिमुद्रण केंद्रापासून साधारण 84 मिलिमीटरवर सुरू होते आणि फार तर 54 मिलिमीटरपर्यंत आत जाते. म्हणजे प्रारंभी वेग सेकंदाला सुमारे 40 सेंटिमीटर आणि शेवटी सुमारे 25 सेंटिमीटर भरतो. एलपीवर तोच वेग प्रारंभी सुमारे 51 आणि अगदी शेवटी सुमारे 21 सेंटिमीटर असतो. तेव्हा एलपीच्या बाजूवरील पहिले गाणे या एका बाबतीत सिंगलच्या पुढे असते आणि शेवटचे मागे पडते. एखादे गाणे एलपीवर बाजूच्या अखेरीस असेल, तर त्याची सिंगल शोधण्यास ठोस तांत्रिक कारण आहे. पहिलेच असेल, तर सिंगल घेण्याची कारणे दुसरीकडे शोधावी लागतात.

अशा कारणांत पहिले येते ते जागेचे. तीन मिनिटांच्या गाण्यात तबकडी 135 फेरे घेते आणि तेवढ्यांसाठी सुमारे 30 मिलिमीटर रुंदीचा पट्टा उपलब्ध असतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला साधारण 0.22 मिलिमीटर. वीस मिनिटांच्या एलपीच्या बाजूवर हेच अंतर 0.13 मिलिमीटरच्या आसपास येते. खाच जितकी मोठ्याने कोरावी तितकी ती डावी-उजवीकडे अधिक डुलते आणि शेजारच्या खाचेत शिरू नये म्हणून तिला जागा लागते. सिंगलला ती जागा मिळते, म्हणून ती मोठ्या पातळीवर कोरता येते आणि पृष्ठभागाची खरखर गाण्याच्या तुलनेत मागे राहते. आपल्या गठ्ठ्यातील ज्या तबकड्या दणदणीत वाजतात, त्यांचे रहस्य बहुतांशी एवढेच आहे.

गाणे लांबले की हा फायदा संपतो. बीटल्सचे 1968 मधील ‘हे जूड’ सात मिनिटांहून अधिक लांबीचे असून ते सात इंची तबकडीच्या एकाच बाजूवर बसवले गेले. वरचाच हिशेब लावला, तर तेथे प्रत्येक फेऱ्याला एलपीपेक्षाही कमी जागा उरते. म्हणून लांब गाण्याच्या सिंगलचा आवाज दबका वाटल्यास लगेच तबकडीला किंवा सुईला दोष देऊ नये. बारा इंची सिंगल आली ती याच अडचणीवर तोडगा म्हणून. सत्तरच्या दशकाच्या मध्यास टॉम मोल्टन यांनी डिस्कोसाठी लांबवलेली गाणी मोठ्या तबकडीवर कोरून घेण्यास सुरुवात केली आणि 1976 मध्ये सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोजर या गटाची बारा इंची सिंगल सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आणली. बारा इंची तबकडी 45 फेऱ्यांवर फिरवली, तर बाहेरच्या खाचेचा वेग सेकंदाला सुमारे 69 सेंटिमीटर होतो. निव्वळ आवाजाच्या दृष्टीने पाहिल्यास व्हिनाइलवर याहून सुखाची जागा क्वचितच सापडेल.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. सिंगलवरील गाणे हे पुष्कळदा एलपीवरील गाणे नसतेच. स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांच्या, एलपी 1958 पासून मिळू लागल्या, तरी सिंगल्स त्यानंतर जवळपास दशकभर प्रामुख्याने मोनोमध्येच, म्हणजे एकाच वाहिनीत, निघत राहिल्या, आणि त्यांच्यासाठी वेगळे मोनो मिश्रण (मिक्स) केले जाई. त्यात गायकाचा आवाज पुढे, ढोल आणि बेस एकजीव, प्रतिध्वनी वेगळ्या प्रमाणात, काही वेळा शेवटी आवाज विरत जाण्याची जागाही वेगळी. गाणे रेडिओच्या छोट्या स्पीकरवर कसे उठेल हे डोळ्यांसमोर ठेवून ही मिश्रणे घडवली गेल्यामुळे मधल्या पट्टीला वजन आणि खालच्या खर्जाला लगाम हा त्यांचा स्वभाव असतो. भारी ध्वनिसंचावर त्यांतील काही पातळ वाटतात. म्हणून मी त्या साध्या, मध्यम आकाराच्या स्पीकरवर ऐकणे पसंत करतो आणि त्यात काही उणे झाले असे मला वाटत नाही.

आता फाटक्या आवाजाकडे वळू. प्रथम ती तबकडी कशाची बनली आहे ते पाहावे, कारण अमेरिकेत निघालेल्या असंख्य सिंगल्स व्हिनाइलच्या नसून पॉलिस्टायरिन या दुसऱ्या प्लास्टिकच्या आहेत. व्हिनाइलची तबकडी गरम गोळा दाबून बनते आणि त्याच दाबाने लेबल तिच्यात बसते. पॉलिस्टायरिन मात्र वितळवून साच्यात सोडतात आणि लेबल मागाहून चिकटवतात किंवा थेट छापतात. अशी तबकडी हलकी, ताठ आणि ठिसूळ असते. ती वाकवून पाहण्याचा मोह टाळावा, कारण ती तडकते. लेबलाचा कागद कडेने सुटू लागलेला किंवा फुगलेला दिसला, तर तबकडी पॉलिस्टायरिनची असण्याचा संभव मोठा. नवीन असताना ही तबकडी उत्तम वाजते, पण जड किंवा झिजलेली सुई तिला सोसत नाही. जोरकस जागी खाचेच्या भिंती खरवडल्या जातात आणि गायकाचा स्वर चढला की आवाज फाटतो. वरून लखलखीत दिसणारी तबकडी आत अशी पोळलेली असू शकते. आपल्या तक्रारीतील निम्म्या तबकड्या या जातीच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे.

रेडिओ केंद्रातून आलेल्या प्रतींची वेगळी खूण असते. निवेदक गाण्याची पहिली जागा गाठण्यासाठी तबकडी हाताने पुढे-मागे फिरवत. त्यामुळे अगदी प्रारंभीच्या एक-दोन फेऱ्यांत सुसकारा ऐकू येतो आणि पुढे गाणे स्वच्छ वाजते. ज्यूकबॉक्समधून निघालेल्या प्रतीची गाजलेली बाजू झिजलेली असली, तरी मागची बाजू पुष्कळदा जवळजवळ अस्पर्श असते. मागच्या बाजूच्या गाण्यासाठीच जो संग्रह करतो, त्याने अशा प्रती नाकारू नयेत.

सुईच्या बाबतीत माझा सल्ला आधुनिक प्रथेच्या थोडा विरुद्ध जाणारा आहे. लंबवर्तुळाकार टोकाची सुई एलपीच्या आतल्या खाचांसाठी उपयुक्त असली, तरी तिचा भार खाचेच्या लहानशा भागावर एकवटतो. जुन्या सिंगल्ससाठी, विशेषतः पॉलिस्टायरिनसाठी, गोल टोकाची साधी सुई अधिक सुरक्षित असते. तिच्या टोकाची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन असते, तर मोनो काळातील खाचांसाठी 25 मायक्रॉनची सुई मिळते. या दोन्ही जवळ ठेवण्याचा खरा लाभ असा की वेगवेगळ्या त्रिज्यांच्या सुया खाचेच्या भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर टेकतात. पूर्वीच्या मालकाच्या सुईने एक थर खरवडला असेल, तर दुसरी सुई त्याच्या वरच्या किंवा खालच्या न झिजलेल्या थरावरून जाऊ शकते. निकामी म्हणून बाजूला ठेवलेल्या तबकडीने सुई बदलताच साफ वाजावे, हे मी अनेकदा अनुभवले आहे. 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांसाठीची सुमारे 75 मायक्रॉनची सुई मात्र सिंगलवर कधीही टेकवू नये. ती खाचेत उतरतच नाही, कडा चेचत जाते. दोन्ही प्रकारच्या सुया एकाच पिकअपमध्ये, म्हणजे सुई धरणाऱ्या भागात, असलेल्या जुन्या यंत्रांवर खटका चुकीच्या बाजूला राहिल्याने किती सिंगल्सचा जीव गेला असेल, याची गणती नाही.

सुईचा भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या निम्म्यात ठेवावा. भार कमी ठेवला की तबकडी वाचते हा समज घातक आहे. मोठ्या पातळीवर कोरलेल्या खाचेत हलकी सुई भिंतीवरचा ताबा सोडून उड्या मारते आणि प्रत्येक उडीगणिक खाचेला इजा करते. त्याचप्रमाणे मोनो सिंगल वाजवताना अँप्लिफायरवरील मोनोचे बटण अवश्य दाबावे. मोनो खाचेतील संगीत फक्त आडव्या हालचालीत असते. उभ्या हालचालीतून स्टिरिओ पिकअपला मिळते ती केवळ धूळ, झीज आणि खडबड. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की ही उभी हालचाल परस्परांना खोडते आणि बिनखर्चात खरखर उतरते. खास मोनो पिकअप घेण्याचा विचार असेल, तर त्याची सुई उभ्या दिशेनेही लवचीक आहे ना याची खात्री करून घ्यावी, कारण तशी नसेल, तर चुकून लावलेली स्टिरिओ तबकडी ती खराब करील.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याने लिहिलेल्या प्रतवारीवर मी फारसा विसंबत नाही. मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस ही श्रेणी बहुधा डोळ्यांनी पाहून दिलेली असते आणि सिंगलच्या बाबतीत डोळे विशेष फसवतात. एकच तीव्र दिवा घेऊन तबकडी तिरकी धरावी. केसासारख्या उथळ रेघा पुष्कळदा वाजतही नाहीत, पण नखाला जाणवणारी रेघ हमखास टकटकते. पाच मिलिमीटरची आडवी रेघ तीन मिनिटांच्या सिंगलवर सुमारे 22 खाचा ओलांडते, म्हणजे जवळपास अर्धा मिनिट, दर 1.33 सेकंदाला एक टक. तेवढे सोसायचे की नाही हे गाण्यावर अवलंबून आहे. रेघांपेक्षा अधिक भिण्यासारखी गोष्ट म्हणजे खाचांवरील करडी, निस्तेज झाक, कारण ती झिजेची असते आणि झीज कोणत्याही धुण्याने जात नाही. लेबलावर कोणी नाव लिहिले असेल, तर संग्राहकांच्या बाजारात प्रतीचे मोल उतरते. आवाजाला त्याने काहीच बाधा येत नसल्यामुळे ऐकणाऱ्याने अशा प्रती आनंदाने घ्याव्यात.

आणखी एक दोष असा की तो डोळ्यांना दिसत नाही आणि प्रतवारीतही येत नाही, तो म्हणजे भोक केंद्रात नसणे. सिंगलमध्ये तो एलपीपेक्षा अधिक जाणवतो. आतल्या खाचांवर, जिथे त्रिज्या सुमारे 54 मिलिमीटर आहे, तिथे भोक अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर वेगात दोन्ही बाजूंना जवळजवळ 1 टक्क्याचा चढउतार होतो. हा फरक अर्ध्या सुराच्या साधारण सहाव्या भागाइतका असून तो दर फेऱ्याला एकदा हेलकावत राहतो. ठेक्याच्या गाण्यात तो लपतो. पियानो किंवा लांब ताणलेला स्वर असला की पोटात ढवळते. सुदैवाने मोठ्या भोकाच्या तबकडीवर यास उपाय आहे. मोठे भोक भरून काढणारा अडॅप्टर किंचित सैल बसणारा घ्यावा, वाजताना टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डावी-उजवीकडे डुलत असेल, तर सुई उचलून तबकडी बोटाने अगदी थोडी सरकवावी आणि डुलणे थांबेपर्यंत हे करत राहावे. आधी मात्र पाहावे की दोष तबकडीचा आहे की भोकात खडखडणाऱ्या स्वस्त अडॅप्टरचा.

आता ओळख पटवण्याविषयी. लेबलापेक्षा अधिक बोलका भाग म्हणजे शेवटची खाच आणि लेबल यांमधला मोकळा पट्टा. तेथे कोरलेले किंवा ठशाने उमटवलेले क्रमांक ती तबकडी कोणत्या मूळ कोरणीतून आली हे सांगतात. कोरलेल्या लॅकरवरून, म्हणजे मूळ कोरणीच्या मऊ चकतीवरून, धातूचा उलटा ठसा, त्यावरून सुलटी ‘मदर’ आणि तिच्यावरून छपाईचे साचे अशी ती साखळी असते. इंग्लंडमधील हेज येथील ईएमआयच्या कारखान्यात साच्याचा क्रमांक अक्षरांत लिहिला जाई: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी आणि डी ही दहा अक्षरे अनुक्रमे 1 ते 9 आणि 0 यांच्या जागी. म्हणजे या पट्ट्यात एकटे ‘जी’ दिसले, तर ती पहिल्या साच्यातील प्रत. अमेरिकेत एकच सिंगल एकाच वेळी अनेक कारखान्यांत छापली जाई. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची प्रत वर्तुळातील ‘एमआर’ आणि त्रिकोणापुढील क्रमांक यांवरून ओळखता येते. काही कोरणारे तर स्वतःची सहीच ठेवत. इंग्लंडचे जॉर्ज पेकम यांची ‘पोर्की’ ही खूण पाहिली की तबकडी जोरकस वाजणार असे मी गृहीत धरतो आणि क्वचितच निराश होतो.

लेबलाच्या रचनेवरून काळ ठरवता येतो तो असा: स्टॅक्स कंपनीच्या निळ्या लेबलावर तबकड्यांच्या चळतीचे चित्र असेल, तर ती प्रत 1968 पर्यंतची, म्हणजे अटलांटिक कंपनीशी असलेला करार तुटण्यापूर्वीची, आणि चुटकी वाजवणारी बोटे असतील, तर त्यानंतरची. नकली प्रतींसाठी कान वापरावा लागतो. मूळ ध्वनिफीत हाती नसल्यामुळे नक्कल बहुधा दुसऱ्या तबकडीवरून केलेली असते. तबकडी स्वच्छ दिसत असूनही गाणे विरत जाताना जुनी खरखर गाण्याबरोबरच विरत गेली, तर ती खरखर या तबकडीची नव्हे, नक्कल ज्या प्रतीवरून केली तिची आहे.

धुण्याबाबत फार लिहिण्यासारखे नाही. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य द्रवसाबणाचा अगदी थोडा अंश, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, आणि मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. सिंगलचे लेबल खाचांच्या फार जवळ असल्यामुळे ते झाकून घ्यावे. पॉलिस्टायरिनच्या चिकटवलेल्या लेबलाला तर पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. त्यावर अल्कोहोल किंवा गरम पाणी वापरू नये. लाखेच्या तबकड्या गठ्ठ्यात असतील, तर अल्कोहोल त्यांना सरळ विरघळवते. ठेवताना तबकडी अस्तर असलेल्या नव्या पाकिटात आणि कंपनीचे जुने कागदी पाकीट तिच्याशेजारी वेगळे, अशी जोडी मी एका बाह्य आवरणात ठेवतो. मऊ पीव्हीसीची आवरणे टाळावीत, कारण त्यांतून सुटणारे द्रव्य व्हिनाइलवर कायमचे धुके चढवते.

संग्रहाची दिशा ठरवताना ‘दुर्मीळ’ या शब्दाला मी सर्वांत शेवटचे स्थान देईन. पुष्कळ सिंगल्स दुर्मीळ आहेत त्या केवळ कोणाला नको होत्या म्हणून. अर्थात याला ठळक अपवाद आहे. उत्तर इंग्लंडच्या नॉर्दर्न सोल चळवळीने साठच्या दशकातील नेमक्या अशाच विस्मृतीत गेलेल्या अमेरिकन सिंगल्सना नवे आयुष्य दिले. तेथील डीजे आपली शोधलेली तबकडी इतरांना सापडू नये म्हणून लेबलावर कागद चिकटवून खोट्या नावाने वाजवत. पण तो खजिना ऐकणाऱ्यांनी शोधला, यादी घेऊन हिंडणाऱ्यांनी नव्हे. आरंभासाठी एखादे लेबल, एखादा स्टुडिओ किंवा केवळ मागच्या बाजू असा आखूड परीघ घ्यावा. जमैकाच्या सिंगल्सवर सत्तरच्या दशकापासून मागच्या बाजूला त्याच गाण्याचे गायनाविना रूप, म्हणजे ‘व्हर्जन’, देण्याची रीत रुळली. केवळ या व्हर्जनांचा संग्रह केला, तरी आयुष्य अपुरे पडावे.

ऐकताना एका गोष्टीची तयारी ठेवावी लागते. एकामागून एक सिंगल्सची पातळी समान नसते, म्हणून दर तीन मिनिटांनी उठण्याबरोबरच आवाजाची कळही फिरवावी लागते. कान तयार करण्यासाठी मी नवख्यांना साठच्या दशकाच्या अखेरीच्या आणि सत्तरच्या दशकातील रेडिओसाठीच्या प्रचारप्रती सुचवतो. त्यांत एका बाजूला गाण्याचे मोनो आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचे स्टिरिओ रूप असते, आणि संग्राहकांना मागची बाजू वेगळी नसल्याने त्यांचे आकर्षण अनेकदा कमी असते. दोन्ही बाजू समान पातळीवर लागोपाठ ऐकाव्यात आणि गायक, बेस व झांजा कोठे उभ्या आहेत ते टिपावे. मोनोची बाजू स्टिरिओच्या दोन वाहिन्या नुसत्या एकत्र करून बनवली असेल, तर मोनोचे बटण दाबताच दोन्ही बाजू सारख्याच ऐकू येतील. खरे वेगळे मिश्रण असेल, तर बटण दाबूनही त्या वेगळ्याच राहतील.